शेवंतीच्या गळ्यातली घंटा

बाळांनो, जरा डोळे मिटा बघू. समजा, तुम्ही एका उंच घोडीवर बसला आहात. खोगीर नाही, रिकीब नाही. मांडीखाली घडी घातलेली घोंगडी आणि तिच्याखाली घोडीचं ऊबदार अंग. घोडी चालली की तिच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजते, ठक ठुक, ठक ठुक. छान वाटलं ना? आता समजा, तीच घंटा तुम्हाला ऐकू येते आहे, पण तुमच्या घोडीच्या गळ्यातून नाही. लांबून. खालच्या ओहोळातून.

उघडा डोळे. खोडाळ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर राहणाऱ्या अकरा वर्षांच्या प्रगतीवर हीच वेळ आली होती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तिचे बाबा तिला डहाणूला समुद्र दाखवायला नेणार होते. ते ठाण्याला इमारतीच्या कामावर होते. प्रगतीनं नवा फ्रॉक पिशवीत भरूनही ठेवला होता. पण निघायच्या आदल्या दिवशी फोन आला, "प्रगे, सुट्टी नाय मिळाली गं. पुढल्या वेळी नक्की." दोन दिवस तिनं ती पिशवी उघडलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या येसूबाबांनी तिला हाक मारली. त्यांची शेवंती म्हणजे वरातीत नाचणारी घोडी. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कुणाचीच लग्नं नसतात, म्हणून ती घरीच चरत होती.

"समुद्र म्हणजे काय, पाणीच ना?" येसूबाबा म्हणाले. "आणि तेही खारट. चहालासुद्धा चालायचं नाय. ये, घोडीवर बस."

"पडले तर?"

"पडशील की! खाली आपलंच शेत हाय."

प्रगती दोनदा पडली. तिसऱ्यांदा नाही. टाच मारायची नाही, गुडघ्यानं सांगायचं. लगाम ओढायचा नाही, नुसता धरायचा, हे ती चार दिवसांत शिकली. दुडक्या चालीत शेवंती भातखाचराला वळसा घालू लागली, की प्रगती मोठ्यानं हसायची. डहाणूची आठवण हळूहळू मागं पडली.

येसूबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दहा पावलांपलीकडचं सगळं त्यांना धुक्यासारखं दिसायचं. ते खळ्यावर बसून कान देऊन शेवंतीच्या गळ्यातली घंटा ऐकत. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या.

"घंटा वाजती राहिली पाहिजे. ती माझी नजर हाय. आणि वाघदेवाच्या दगडापलीकडं पाऊल नाय. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला शेंदूर लागला, नारळ फुटला, की मग आपली गुरं तिकडं जातात. त्याआधी नाय. यंदा तर 'तो' खाली उतरलाय." 'तो' म्हणजे कोण, ते पाड्यावर कुणी नाव घेऊन सांगत नसे. गेल्या आठवड्यात दोन कुत्री दिसेनाशी झाली होती. "मला फसवलंस तर शेवंतीला पुन्हा हात लावू देणार नाय. कळलं?"

"कळलं, बाबा."

कळलं होतंच. पण शाळेतली हर्षदा एकदा म्हणाली होती, "दगडाच्या वरच्या डोंगरदांडावरून समुद्र दिसतो. मावळतीला चांदीची रेघ असती बघ." ते शब्द प्रगतीच्या डोक्यातून जाईनात.

वाघबारशीला दोन दिवस उरले होते. अख्खा पाडा दिवाळीच्या खरेदीसाठी मोखाड्याच्या बाजाराला गेला होता. खळ्यावर एकटे येसूबाबा. शेताच्या कडेला ठकीआजीचं तांबडं वासरू चरत होतं. प्रगतीनं घोडी हळूच त्याच्याजवळ नेली, खाली उतरून घंटेची दोरी सोडली आणि वासराच्या गळ्यात बांधली. वासरानं मान हलवली. ठक ठुक.

"शाब्बास, असंच!" खळ्यावरून येसूबाबा ओरडले.

प्रगतीला हसू आलं. ते दाबत ती पुन्हा घोडीवर चढली आणि तिनं शेवंतीला दगडाकडं वळवलं.

दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. गेल्या वर्षीचा शेंदूर काळपट झाला होता. शेवंती तिथं थबकली. प्रगतीनं गुडघे आवळले. घोडी पुढं गेली, पण कान मागं पाडून. दांडाच्या चढावर कमरेएवढं वाळलेलं गवत होतं. पाखरांचा आवाज नव्हता. घंटा नसलेली घोडी किती गुपचूप चालते, हे प्रगतीला पहिल्यांदाच जाणवलं आणि ते तिला आवडलं नाही.

माथ्यावर पोचताच तिनं मावळतीकडं मान वळवली. तेवढ्यात घंटा ऐकू आली.

ठक ठुक. शेताकडून नव्हे. खालून, ओहोळातून.

प्रगतीनं वळून खाली पाहिलं. वासरू हिरव्या गवताच्या ओढीनं दगड ओलांडून ओहोळाच्या तोंडाशी गेलं होतं. आणि त्याच्या मागं, काठी टेकत, घंटेच्या आवाजावर कान लावून, येसूबाबा चालले होते. जन्मात वाघबारशीआधी कधी न ओलांडलेला दगड त्यांनी ओलांडला होता.

"प्रगती! ए पोरी!" त्यांचा आवाज वर आला. "तिकडं कुठं चाललीस? फीर मागं! रागावणार नाय मी!"

शेवंती थरथरू लागली. नाकपुड्या फुगल्या, नजर ओहोळावर खिळली. पलीकडच्या झाडावर एक वानर खोकल्यासारखं ओरडलं आणि गप्प झालं. ओहोळाच्या काठचं गवत एका जागी हललं. वारा तर पडलेला होता. थोडं थांबून ते पुन्हा हललं, जरा अलीकडं. वासराच्या दिशेनं. येसूबाबांच्या दिशेनं.

घंटा वाजतच होती. येसूबाबा आवाजामागं एकेक पाऊल टाकत होते. त्यांना वाटत होतं, पुढं प्रगती आहे.

ओरडलं, तर सगळं उघडं पडणार. मग शेवंतीवर बसणं उद्यापासून बंद, कायमचं. तिच्या पाठीमागं, मावळतीला, कदाचित ती चांदीची रेघ चमकत होती. प्रगतीनं तिकडं पाहिलं नाही.

तिनं दोन्ही मुठींत शेवंतीची आयाळ धरली आणि छाती फुटेल एवढ्या जोरात ओरडली, "बाबा, थांबा! ती मी नाय! घंटा वासराला बांधलीय, मी फसवलं तुम्हाला! मागं फिरा, बाबा, तो तिथं हाय!" आणि ओरडत ओरडतच तिनं गुडघे आवळून घोडी उतारावर सोडली, सरळ त्या हलणाऱ्या गवताकडं.