कौल विचारणाऱ्यांनी छळलेला टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. मोहरीच्या रंगाचा, भिंतीवर टांगलेला, लांब वेटोळ्या वायरचा. न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ भागात डोरीन आणि आर्मंड गॅन्यन यांच्या स्वयंपाकघरात माझे सारे आयुष्य गेले. जुन्या वस्तूंनी गोड गोड आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल. आज माझ्याकडून ते होणार नाही. मी पार वैतागलो आहे.

ज्या कारखान्यात मला घडवले, तिथे प्रत्येक टेलिफोन कानाला लावून तपासत असत. बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा पलीकडे पोहोचवायचा, एवढेच आम्हाला शिकवले होते. ते मी इमानाने केले. गॅन्यन कुटुंबाची मुलगी सेलेस्ट माझी वायर ताणून कोठीघरात शिरायची आणि दार लावून तासन्‌तास कुजबुजायची. तिचे लग्न माझ्यामुळेच जमले, असे डोरीन कौतुकाने सांगे. रविवारी ती मला ओल्या फडक्याने पुसायची. मग घरात मोबाइल आले. आप्तांचे बहुतेक आवाज त्यांच्याकडे गेले आणि माझ्याकडे उरले मुख्यतः काहीतरी विकणारे आणि निवडणुकीआधी मतांचा कौल विचारणारे.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, याचे मतदान देशात सगळ्यांत आधी आमच्याकडे होते, भर हिवाळ्यात. पण कौल विचारणाऱ्यांना हिवाळ्यापर्यंत दम निघेल तर शपथ! आदल्या वसंतातच, अजून बर्फ पुरते वितळले नव्हते, तेव्हा पहिला फोन आला. आर्मंड नळ दुरुस्त करत होता. पलीकडच्या माणसाने भराभर नावे वाचली आणि विचारले, आज मतदान झाले तर मत कोणाला?

"टॅल्कॉट," आर्मंड म्हणाला आणि पुन्हा नळाखाली वाकला.

"तुला टॅल्कॉट आवडतो?" डोरीनने विचारले.

"छे! तेवढंच नाव ओळखीचं वाटलं. बाकीचे कोण आहेत, देव जाणे."

पुढच्या आठवड्यात पेपरात ठळक मथळा होता: सिनेटर टॅल्कॉट सगळ्यांच्या फार पुढे. आर्मंडने तो मोठ्याने वाचला. "बघ, टॅल्कॉटच येणार. सगळे त्याच्याच मागे आहेत."

"सगळे म्हणजे कोण रे? तूच ना!"

मी भिंतीवर जळफळत राहिलो. मित्रांनो, इतक्या आधी घेतलेल्या कौलातून एक गोष्ट नक्की कळते: कोणाचे नाव लोकांच्या कानावर आहे. तीही उपयोगाची गोष्ट आहे, नाही असे नाही. पण तेवढेच छापायला काय जाते? लोकांनी ऐकलेले नाव आणि लोकांना हवा असलेला माणूस, यांत केवढे अंतर आहे!

पुढच्या फोनला डोरीन सापडली. ती वाटाण्याचे सूप ढवळत होती.

"अजून काही ठरवलं नाही मी," ती म्हणाली.

"पण थोडासा कल तरी कोणाकडे असेल, मॅडम?"

"कल नाही. सूप आहे, आणि ते उतू चाललंय."

"एखादं नाव सांगा ना. नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"बरं बाबा, लिहा टॅल्कॉट!"

आणि टॅल्कॉट आणखी पुढे गेला.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या विनी कॉबचा फोन आला. तिच्या दिवाणखान्यात हॅटी लिंडक्विस्ट नावाची उमेदवार येणार होती. दूरच्या एका गवताळ राज्याची राज्यपाल. "खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत म्हणून तरी ये गं, आणि मटणाचं सारण भरलेली तुझी ती पेस्ट्री आण," विनी म्हणाली. डोरीन गेली. परत आली ती वेगळीच होऊन. तिने लगेच माझ्यावरून सेलेस्टला फोन लावला.

सेलेस्ट तेव्हा गरोदर होती, जानेवारीत बाळ होणार होते. आमच्या गावच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग आदल्या वर्षी बंद झाला होता. पुढचे हॉस्पिटल खिंडीच्या पलीकडे, आणि जानेवारीत बर्फाने भरलेली ती खिंड म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत होते. तो विभाग पुन्हा सुरू होईल का, असे डोरीनने भर सभेत विचारले होते. "आणि ती काय म्हणाली माहितीये?" डोरीन लेकीला सांगत होती. "म्हणाली, तुमच्या डोंगरात काय जमेल ते मला आत्ता सांगता येणार नाही. चौकशी करून फोन करते. म्हणे फोन करते! केला तर नाव बदलेन माझं."

त्याच आठवड्यात मी वाजलो. पलीकडे खुद्द हॅटी लिंडक्विस्ट होती.

"तुम्ही स्वतः फोन केलात?" डोरीनने गडबडून विचारले.

"तुम्ही स्वतः विचारलंत ना," ती म्हणाली. मग तिने नीट समजावले. तिच्या राज्यात डॉक्टर आणि सुइणी आळीपाळीने लहान गावांत पाठवत होते. "सगळीकडे नाही जमलं. एक विभाग मला बंद करावाच लागला, आणि तिथले लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण तुमच्याकडे जमण्यासारखं आहे, असं मला वाटतं."

डोरीनने मला जागेवर ठेवले आणि बराच वेळ हात माझ्यावरून काढला नाही. तिचे ठरले होते. पण ते विचारायला त्या आठवड्यात कोणीही फोन केला नाही!

शरद ऋतूत टीव्हीवरच्या वादसभा सुरू झाल्या. कौलांमध्ये ज्यांना बऱ्यापैकी मते, त्यांनाच मंचावर जागा. हॅटीला वगळले. विनी फोनवर अक्षरशः ओरडत होती. "ओळखत नाहीत म्हणून बोलू द्यायचं नाही, आणि बोलूच दिलं नाही तर लोक ओळखणार कसे गं?"

 मला एवढे ठाऊक होते, की तिला खाली ढकलणाऱ्या आकड्यांत एक आकडा नळाखालून आलेला होता आणि एक सुपाच्या पातेल्यावरून. नाताळच्या आधीच हॅटीने माघार घेतली. अजून एकाही माणसाने एकही मत दिले नव्हते.

जानेवारीत एका दुपारी बर्फ पडत असताना माझ्यावर सेलेस्टच्या नवऱ्याचा फोन आला. खिंडीत त्याचा मोबाइल लागला नव्हता, म्हणून हॉस्पिटलात पोहोचल्यावर तो तिथल्या फोनवरून बोलत होता. रुग्णवाहिका खिंडीतच अडकली आणि बाळ तिथेच जन्मले. मुलगी होती, धडधाकट. पण सेलेस्टचे रक्त फार गेले होते.

"जिवंत आहे ना?" डोरीनने विचारले. मी कितीतरी आवाज वाहून नेले आहेत; तसा आवाज पुन्हा न्यावा लागू नये.

"आहे. डॉक्टर म्हणतात, अर्धा तास उशीर झाला असता तर…"

शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. तिथे चार शहाणे कोण कितीने पुढे आहे यावर भांडत होते. आर्मंड उठला आणि त्याने टीव्हीचा प्लगच उपटला.

सेलेस्ट वाचली. मतदानाचा दिवस उजाडला, तेव्हा ती बाळाला घेऊन याच स्वयंपाकघरात बसली होती. मतपत्रिका माघारीआधीच छापल्या होत्या, त्यामुळे हॅटीचे नाव त्यांवर होतेच.

"माघार घेतलेल्या बाईला मत देऊन काय होणार?" आर्मंडने बूट घालता घालता विचारले.

"काही नाही होणार," डोरीन म्हणाली. "पण मोजावं तर लागेल त्यांना."

दोघांनीही तिलाच मत दिले. निकालात टॅल्कॉट तिसरा आला. जिंकला केलर, ज्याचे नाव वसंतात आमच्या घरी कोणाच्या तोंडीही नव्हते. पेपरांनी त्याला धक्कादायक निकाल म्हटले. धक्का कोणाला बसला? मला तर नाही.

आणि आता यावरची कडी ऐका. बर्फ वितळण्याआधीच पुन्हा फोन! चार वर्षांनंतरच्या निवडणुकीसाठी! एक तरुण मुलगी भराभर नावे वाचू लागली. आर्मंडने तिला मध्येच थांबवले.

"बाळ, नावं राहू देत. आमच्या हॉस्पिटलात बाळंतपणं पुन्हा कधी सुरू होणार, ते विचार ना कोणाला तरी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सर, तो प्रश्न माझ्याकडे नाहीये."

"आमच्याकडे आहे," आर्मंड म्हणाला.

त्या मुलीने फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाली, "सांगा." आणि आर्मंडने तिला खिंडीतली ती दुपार सांगितली.

मित्रांनो, मला फार दिवस कोणी ठेवणार नाही. माझी काळजी घ्या, असे मी म्हणत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, लोकांना प्रश्न विचाराल. तेव्हा माणसाला विचार करायला वेळ द्या, त्याच्या तोंडी आपले उत्तर कोंबू नका. आणि कृपा करून, एकदा तरी त्यालाच प्रश्न विचारू द्या.