एकवीस किलोच्या आत

ढब्बू हे नाव तिच्या बापानंच ठेवलं होतं, आणि ठेवताना त्याला कोण आनंद झाला होता. सात वर्षांची पोर, पाय कधीचेच गळालेले, घास गिळतानासुद्धा दमायची. बाप बेकरीत भट्टीवर कामाला. रोज घरी येताना मऊ पाव आणायचा, दुधात कुस्करून चमच्या-चमच्यानं भरवायचा, आणि पोरीचं वजन शंभर ग्रॅमनं जरी वाढलं तरी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगायचा. पोरीच्या अंगावर मांस धरलं म्हणजे आजार मागे हटला, असा त्याचा साधा हिशेब होता. आणि हा हिशेब चुकीचा आहे असं इतकी वर्षं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

मग ढब्बूचा नव्या उपचाराच्या चाचणीत नंबर लागला. डॉक्टर मॅडमनी दोघा नवराबायकोला समोर बसवून सगळं समजावलं. पोरीच्या शरीरात एक जनुक जन्मापासून बिघडलेलं आहे, त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरतायत. काही आजारांत पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत सोडता येतात, रक्ताच्या आजारांत तसं करतात. पण पाठीच्या कण्यातल्या पेशी काढणार कशा? म्हणून इथे एक विषाणू घ्यायचा, तो आतून पोकळ करायचा, त्यात चांगलं जनुक भरायचं आणि शिरेतून सोडायचं. तेही एकदाच. दुसऱ्या वेळी शरीर त्या विषाणूला ओळखतं आणि दारातूनच हाकलून लावतं.

ढब्बूची आई शिवणकाम करायची, तिला प्रत्येक गोष्ट उलटी करून आतली शिवण बघायची सवय. तिनं विचारलं, म्हणजे हा आजार आमच्या घरातून गेला का? मॅडम म्हणाल्या, नाही. दुरुस्ती फक्त हिच्या अंगातली. पुढच्या पिढीत जाणाऱ्या बीजाला हात लावायचा नाही, तशी परवानगीच नाही. बापाला हे लगेच कळलं. बेकरीत जुन्या पिठाचा एक गोळा राखून ठेवतात, त्यावर दुसऱ्या दिवशीचं पीठ फुगतं. इथे पाव सुधारणार होता, गोळा तसाच राहणार होता. त्याला तेवढंही पुष्कळ होतं.

"ती चालेल?" त्यानं विचारलं.

"गेलेली ताकद परत येईलच असं नाही सांगत. आहे ती टिकेल. हात राहतील, श्वास राहील," मॅडम म्हणाल्या.

श्वास राहील. एवढ्या दोन शब्दांसाठी तो माणूस त्या टेबलावर डोकं टेकवायला तयार होता. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. मूल जितकं जड, तितके जास्त विषाणू, आणि त्यांचा सगळा भार यकृतावर. यकृताला सूज आली तर कधीकधी ती आवरत नाही. म्हणून या चाचणीत एकवीस किलोची मर्यादा होती. ढब्बू साडेवीस किलो होती, आणि औषध तयार होऊन यायला अजून दोन-तीन महिने होते.

वजन वाढू देऊ नका, पण उपाशीही ठेवू नका, असं मॅडमनी बजावलं. आता वाढत्या वयाच्या पोरीच्या बाबतीत हे नेमकं कसं करायचं, ते विचारायचं राहूनच गेलं. सांगणाऱ्याचं काय जातं.

घरी आल्यावर आईनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे ढब्बूला ढब्बू म्हणायचं बंद केलं. दुधाचा पेला अर्धा झाला, मग पाव पेला. वजन आठवडाभर जागचं हलायचं नाही, मग उगाच चढायचं. बाप बेकरीतूनच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायला लागला, कारण पोर त्याच्या सदऱ्यात नाक खुपसून पावाचा वास घेत बसायची. तिच्यासमोर तो स्वतःही जेवेना. पण भूक काही कुणाचं ऐकत नाही. ती रडायला लागली की तो तिला पाणी पाजायचा. "पाणी प्यायलं ना, की पोट फसतं," तो सांगायचा. ती शहाणी होती. पुढे पुढे तीच आपणहून पाणी मागायला लागली, आणि बापाला वाटलं, चला, सुटलो. त्या सुटलोची त्याला नंतर फार लाज वाटली.

दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या काट्यावर ती मर्यादेच्या आत होती, अगदी काठावर. आईनं सगळ्यात झिरझिरीत कापडाचा, बिनगुंडीचा झगा शिवला. तेवढ्यानं तिचं समाधान होईना, म्हणून तिनं पोरीची वेणी कापली. ती वेणी मांडीवर घेऊन मग ती बराच वेळ बसून राहिली.

सकाळी इस्पितळात सिस्टरनं ढब्बूला खुर्चीच्या काट्यावर बसवलं. आकडे नाचले आणि थांबले. एकवीसच्या वर दोनशे ग्रॅम.

बाहेरच्या बोळकांडीत बापानं बायकोला गाठलं आणि दातओठ खात विचारलं, काय चारलंस तिला? ती उसळली. मी? अंघोळ करूनही घरात पावाचा वास कुणाच्या अंगाला येतो? इतके दिवस दोघांनी गिळलेलं सगळं बाहेर पडलं. तू तिला मारणार, नाही, तूच मारणार. ऐकायला पोर दारातच खुर्चीवर बसलेली आहे, याचं दोघांनाही भान उरलं नाही.

मॅडम आल्या. त्यांनी आकडा पाहिला, मग पोरीचे दंड चाचपले आणि त्यांचा चेहरा बदलला. "उपाशी ठेवलंत हिला?" त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, चरबी नाही, उरलेला स्नायू झडवलाय तुम्ही. बापानं हात जोडले. दोनशे ग्रॅमचं काय एवढं, म्हणाला, डोळेझाक करा. मॅडमनी मान हलवली. आज डोळेझाक केली आणि उद्या हिचं यकृत बसलं, तर तुमच्यासमोर मी कोणत्या तोंडानं येऊ?

तेव्हा ढब्बू बोलली. तिचा आवाज मुळातच बारीक.

"मी काही नाही खाल्लं. पाणी प्यायले. आख्खी बाटली."

"कधी गं?" सिस्टरनं विचारलं.

"गाडीत. भूक लागली होती. मागितलं असतं तर बाबा रडला असता."

बाप भिंतीला टेकून खाली बसला. पाणी पोटाला फसवतं. काट्याला फसवत नाही, हे त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्याच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं.

सिस्टरनं ढब्बूला उचलून न्हाणीघरात नेलं. आत नळ सोडल्याचा आवाज आला. बाहेर ही दोघं, एकमेकांकडे न बघता. पोरगी लाजत होती, होत नव्हतं. सिस्टर काहीबाही गोष्टी सांगत होती, नळ वाहत होता, आणि एका मुलीचा जन्मभराचा श्वास तिच्या लघवीवर अडला होता. हसावं की ऊर बडवावं, कुणालाही कळलं नसतं. शेवटी सिस्टर तिला घेऊन बाहेर आली आणि पुन्हा काट्यावर बसवलं. वीस किलो, नऊशे पन्नास ग्रॅम. मॅडमनी आकडा दोनदा पाहिला आणि औषध मागवलं.

औषध म्हणजे पाण्यासारख्या द्रवाची एक पिशवी. तास-दीड तासात ती थेंब थेंब करून पोरीच्या हातात उतरली. बाप सारखा तिच्या तोंडाकडे बघत होता, काहीतरी दिसेल म्हणून. काही दिसलं नाही. मॅडमनी सांगितलं की ताप येईल, उलट्या होतील, यकृताची तपासणी दर आठवड्याला. पुढचे काही महिने जीव मुठीत धरूनच काढायचे. आणि आता हिला जेवू घाला, पोटभर. वजनाचं काम संपलं.

हे ऐकताच तो जो सुटला, तो थेट बेकरीत. भट्टीतून निघालेला पाव कागदात गुंडाळला, सदऱ्याच्या आत छातीशी धरला आणि चटके सोसत परत आला. कपडे बदलले नाहीत. पोर नुकती जागी झाली होती. आखूड केसांत तिचा चेहरा एवढासा दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली, "भूक लागलीय."

इतक्या आठवड्यांत हे वाक्य ऐकून तो पहिल्यांदाच हसला. कागद सोडायला लागला. गरम पावाचा वास खोलीभर पसरला. पोरीनं तो वास घेतला, पावाकडे नीट पाहिलं, आणि मग हात लांब करून उशाजवळची बाटली दाखवली.

"पाणी दे ना."