आठ लाकडी घोडे आणि आनसामावशी

माघातलं सकाळचं ऊन आमच्या छपरीच्या दारातून तिरपं आत यायचं आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून बसलेली आनसामावशी लाकडी घोड्यांची तोंडं पुसत असायची. एका हातात घोड्याची मान, दुसऱ्या हातात एरंडेलात भिजवलेलं फडकं. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, मग नाकपुड्या आणि शेवटी ओठांच्या कोपऱ्यात साचलेली वर्षभराची धूळ. शाळेत निघालेल्या पोराचं तोंड आई जसं पुसते, थोड्या घाईनं, थोड्या रागानं, तसंच. तिच्या काळ्या, शिरा उमटलेल्या बोटांखाली ते जुनं लाकूड हळूहळू उजळत जाई, काकवीसारखं पिंगट दिसू लागे. आणि माझ्यापुरती गावची यात्रा त्या क्षणी सुरू होई. देवीच्या देवळाच्या शिखरावर ध्वज चढायचा तो नंतर, दोन दिवसांनी.

आमचं गाव रहिमतपूरपासून चार मैलांवर. भोवती ऊस, मधूनमधून शाळू, आणि माघात गुऱ्हाळांचा गोड, जड धूर सगळ्या शिवारावर तरंगत असलेला. अशा दिवसांत तीन दिवसांची यात्रा भरे. पेढेवाले येत, बांगड्यांची दुकानं लागत, कुस्त्या होत. पण आम्हा मुलांची यात्रा म्हणजे देवळामागच्या चिंचेखाली उभी राहणारी आनसामावशीची चक्री. मध्ये बाभळीचा एक जाड खांब, त्याच्या माथ्यावरून छत्रीच्या काड्यांसारखे फाकलेले आठ वासे, आणि प्रत्येक वाशाला लोखंडी सळीनं टांगलेला एकेक घोडा. इंजिन नाही, वीज नाही. खांबाला छातीच्या उंचीवर दोन आडवे दांडे बसवलेले. ते ढकलत आत गोल चालायचं, की बाहेर घोडे धावू लागत.

ते घोडे तिच्या नवऱ्यानं, धोंडीमामांनी, घडवले होते. धोंडीमामा मूळचे मिरजेत सतारी बनवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखालचे. सतारीच्या दांडीवर, भोपळ्यावर वेलबुट्टी कोरण्यात त्यांची तरुणपणाची वर्षं गेली. त्यामुळे त्या घोड्यांची आयाळ साधी नव्हती. ती पानापानांनी वळत, नाजूक देठांनी एकमेकींत गुंतत खांद्यापर्यंत उतरायची. मी त्या आयाळीत बोटं रुतवून बसायची आणि मला वाटायचं, हा घोडा आतून वाजतो आहे.

धोंडीमामा असेपर्यंत दोघं मिळून चक्री ढकलत. एका दांड्यावर ते, समोरच्या दांड्यावर ती. मध्ये खांब, म्हणून एकमेकांचं तोंड दिसत नसे. नुसते पाय वाजत. मी सहा-सात वर्षांची असताना एका यात्रेच्या शेवटच्या दिवशी मामांना ताप भरला, आणि आमच्याच छपरीत, घोड्यांच्या शेजारी टाकलेल्या घोंगडीवर, तिसऱ्या दिवशी ते गेले. माझे वडील, आबा, तेव्हा आनसामावशीला म्हणाले, “चक्री हितंच ऱ्हाऊ द्या. कुटं वाहून नेताय? यात्रेला येत जावा.” तिनं मान हलवली. त्याआधी दोघं बैलगाडीत चक्री घालून पाच-सहा गावच्या यात्रा करत. त्यानंतर तिनं फक्त आमचीच यात्रा धरली. बाकी वर्षभर ती माणदेशाकडच्या एका वाडीत भावाच्या घरी राही, आणि माघ लागला की एक बोचकं घेऊन आमच्या दारात उभी असे.

उंच, कडक अंगाची बाई. बोलणं थोडं. इतकी वर्षं एकाच दिशेनं गोल चालून तिचा डावा खांदा किंचित खाली आला होता, आणि सरळ रस्त्यावरूनही ती चालायची ती नकळत डावीकडे सरकत. कडेच्या ओढ्याकडे बोट दाखवून आई हसून म्हणायची, “आवं आनसाबाई, वड्यात जाशीला.” मग तीही हसायची आणि पुन्हा रस्त्याच्या मध्यावर यायची. पण एकदा दांड्याला छाती लावून ती उभी राहिली, “धरून बसा रं” असं म्हणून तिनं पहिलं पाऊल उचललं, की त्या वाकड्या चालीतला सगळा अवघडपणा विरून जाई. नदी जशी वळणावर अधिक सुंदर दिसते तशी ती दिसे. एकटीनं ढकलायची म्हणून चक्री पूर्वीपेक्षा संथ फिरू लागली होती. आणि त्या संथपणामुळेच असेल, वरून दिसणारी चिंच, देवळाची भिंत, लांबचा शाळू, सगळं फिरतानाही आम्हाला नीट बघता येई.

मग दुष्काळाची वर्षं आली. विहिरींचे तळ दिसले, ऊस जळाला. यात्रा झाल्या, पण नावापुरत्या. चक्री लागली नाही. छपरीत तो बाभळीचा खांब आडवा पडून उन्हाळ्यामागून उन्हाळा तापत राहिला. पाऊस परत आला, शिवार हिरवं झालं, आणि त्या वर्षीच्या माघात आनसामावशीही आली. खांब बाहेर काढायला आबा आणि मी तिच्याबरोबर होतो. मी तेव्हा अठरा वर्षांची. उजेडात खांब आणला आणि आम्ही तिघंही त्यावर वाकलो. मधोमध, हातभर लांब, बोट आत जाईल एवढी भेग.

आबांनी दगडानं खांब ठोकून पाहिला. आवाज पोकळ आला.

“आनसाबाई,” ते खाली बघत म्हणाले, “ह्येच्यावर पोरं बसवायची न्हाईत.”

“न्हाईच,” ती म्हणाली.

“दुसरा खांब बगू या का?”

तिनं भेगेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. “खांब मिळंल आबा. पाय कुटनं आनू? तीन वर्सं चालली न्हाई, तर गुडगं धरल्यात. मारुतीनं बी सांगून धाडलंय. यात्रा झाली की न्यायला येतोय.”

मारुती तिचा एकुलता एक मुलगा. कुपवाडला ओतकामाच्या कारखान्यात लागला होता, खोली घेतली होती, आणि आईला कायमची घेऊन जाणार होता. यात आनंदाचंच होतं सगळं. तरी त्या सकाळी ती जेव्हा फडकं तेलात बुडवून पहिल्या घोड्यासमोर बसली, तेव्हा मला तिथं थांबवेना.

चक्री तिनं तरीही उभी केली. आबांनी भेगेवर लोखंडी पट्ट्या आवळून दिल्या. पण घोड्यांवर कोणी बसायचं नाही, अशी तिनं चिंचेभोवती दोरी बांधली आणि तीन दिवस ती रिकामे घोडे फिरवत राहिली. लहान मुलं दोरीला लोंबकळून रडायची. “मावशे, एकच फेरी गं!” ती मान हलवायची. “न्हाई रं राजा. यंदा घोडी नुसती हिंडाय निघाल्यात.” ऊन कलायचं, घोड्यांच्या सावल्या धुळीवरून ओढल्या जायच्या, खांब कुरकुरायचा, आणि गर्दीतली माणसं जाता जाता थबकून, का कोण जाणे, बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मारुती आला. जाड मिशा, अंगात स्वच्छ शर्ट, हातावर भाजल्याचे डाग. आईला दांड्याशी बघून तो दोरीखालून आत शिरला. तिनं चक्री थांबवली, पदरानं मान पुसली, आणि मला हाक मारली.

“हिकडं ये गं. त्यो दांडा तू धर, ह्यो मारुती धरंल. दोघं ढकला.”

मला वाटलं, तिला आता घोड्यावर बसायचं आहे. इतकी वर्षं ढकलणारीला एकदा तरी बसावंसं वाटणारच. मारुतीलाही तेच वाटलं. “आये, खांब धरंल का पन तुला?”

“मला न्हाई बसायचं,” ती म्हणाली. “मला ह्यो खेळ भायरनं बगायचाय. माज्या जल्मात मी ह्यो भायरनं फिरताना बगितला न्हाई.”

मी दांड्याला हात लावला. तिच्या तळव्यांनी तो इतका गुळगुळीत झाला होता की पकड बसेना. समोरून मारुतीनं जोर लावला आणि चक्री हलली. पहिली फेरी जड गेली, दुसरी सुटी झाली. मी मान वळवून वळवून बघत होते. दोरीच्या पलीकडे, पोरांच्या रांगेत, त्या सगळ्यांपेक्षा उंच अशी आनसामावशी उभी होती. दोन्ही हातांनी दोरी धरलेली. एकेक घोडा तिच्यापुढून जायचा आणि तिची नजर त्याच्याबरोबर थोडी जायची, पुन्हा मागे यायची, पुढच्यासाठी. फेरीमागून फेरी मला तिचा चेहरा दिसे आणि निसटे. त्यावर आधी कुतूहल होतं. मग एक विलक्षण, कोवळं हसू, ज्या हसण्यात ती मला नव्या नवरीएवढी दिसली. आणि त्यानंतरच्या फेरीत तिचं तोंड वेडंवाकडं झालेलं होतं. आवाज नव्हता. गर्दीचा, बांगडीवाल्यांचा, पिपाण्यांचा कल्लोळ चालू होता, आणि ती दोरी धरून रडत होती.

आम्ही थांबलो. मी तिच्याजवळ गेले.

“एवढा बारका हाय व्हय गं ह्यो?” ती म्हणाली. “आतनं मला लय मोठा वाटायचा. वाटायचं, समदं गाव फिरवतोय आमी दोघं.” आणि माझ्याकडे न बघता, “त्येंनी बी न्हाई बगितला. घडवला, आन आत शिरलं. भायर आलंच न्हाईत.”

मारुतीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळच्या आत चक्री उतरवली. वासे, सळ्या, खांब छपरीच्या एका बाजूला, घोडे दुसऱ्या बाजूला. मी नेहमीप्रमाणे घोड्यांची तोंडं दाराकडे करून ठेवत होते. तिनं माझा हात धरला.

“तसं नगं. भितीकडं तोंड कर. दाराकडं ठिवलंस तर वाट बगत बसत्याल.”

मग तिनं स्वतःच एकेक घोडा उचलून वळवला. आठही. कपाळ भिंतीला टेकेल इतका जवळ. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मारुतीबरोबर गेली. आबा बैलगाडीनं त्यांना रहिमतपूरच्या स्टेशनावर सोडून आले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दोन पावसाळे गेले. मी सांगलीला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर आबांनी मला छपरीत नेलं. घोडे तसेच उभे होते, पाठमोरे, रांगेत. आयाळींची पानं जागच्या जागी. आबांनी एक घोडा वळवला. त्याला तोंड नव्हतं. भिंतीतून आलेली वाळवी कपाळातून शिरली होती आणि डोळे, नाकपुड्या, ओठ, सगळं खाऊन मानेपर्यंत पोहोचली होती. दुसरा वळवला, तिसरा वळवला. आठांचंही तसंच. पाठीमागून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

“मी रोज बगत हुतो गं,” आबा म्हणाले. “रोज हितनं जात हुतो.” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. वाळवी घरात पसरेल म्हणून आम्ही त्याच दुपारी परसात ते घोडे जाळले. कोरडं लाकूड होतं, फार वेळ लागला नाही.

सुट्टी संपवून सांगलीला परतल्यावर एका रविवारी मी कुपवाडला गेले. मारुतीचं घर शोधायला वेळ लागला. एकसारख्या खोल्यांची चाळ, पलीकडे कारखान्यांचे पत्रे, हवेत तापलेल्या लोखंडाचा वास. आनसामावशी ओट्यावर बसली होती. बारीक झाली होती, पायांवर सूज होती. मिरजेच्या डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. सुनेनं चहा आणला. आई कशी, आबा कसे, ऊस कसा, सगळं तिनं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि तो एक प्रश्न माझ्याकडे येताना मला दिसत होता.

“आन घोडी?”

“बरी हाईत, मावशी.” शहरात राहून माझी भाषा बदलली होती, त्या क्षणी ती आपोआप गावची झाली.

“भितीकडंच तोंडं हाईत न्हवं?”

“व्हय.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पलीकडच्या कारखान्यात कुठेतरी लोखंडावर घण पडत होता. मग ती हलकेच म्हणाली, “तू बरी हाईत म्हंतीस, तर बरीच असत्याल,” आणि माझ्या हातातली रिकामी कपबशी काढून घेऊन तिनं विचारलं, मास्तरीण झाल्यावर मी कोणत्या गावाला जाणार.

पुढच्या चैत्रात मारुतीचं कार्ड आलं. त्यात तीनच ओळी होत्या, आई गेल्याच्या.

तिला खरं कळलं होतं का, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. मी पुष्कळ शाळांत शिकवलं, पुष्कळ गावं पाहिली, निवृत्त झाले, माझे गुडघेही आता धरतात. पण गेलेल्या माणसाला सांगायचं राहून गेलेलं आपल्याबरोबर म्हातारं होत नाही. कुपवाडच्या त्या ओट्यावर मी जे बोलले नाही ते अजून वीस वर्षांचंच आहे, तितकंच ताजं, आणि मी मात्र बघता बघता तिच्या वयाची झाले आहे.