फुटक्या काचेचा डोळेतपासनीस

हॅलो! दचकू नका, कुणाचा फोन आलेला नाही. आज मी स्वतःच बोलतोय. आजवर माझ्यातून सगळे बोलले, मला मात्र कुणी बोलूच दिलं नाही.

मी एक जुना स्मार्टफोन. माझा पहिला मालक मला उशाशी घेऊन झोपायचा. बायकोकडे कधी बघितलं नसेल एवढं माझ्याकडे बघायचा. एकदा मी जिन्यावरून पडलो, काचेला आडवा तडा गेला आणि त्याचं प्रेम आटलं. "गरिबांच्या उपयोगी पडेल," म्हणत त्याने मला दान केलं. नकोशी वस्तू देताना माणसं फार उदार होतात.

मग माझ्या पाठीवर एक भिंग बसलं. मी डोळ्याचा जवळून फोटो काढायचा आणि शहरातल्या डॉक्टरीणबाईंना पाठवायचा, असं ठरलं. या वस्तीपासून डोळ्यांचा दवाखाना फार लांब, म्हणून मी इथल्या आरोग्य केंद्रात आलो.

उद्घाटन थाटात झालं. मोठ्या साहेबांनी मला 'क्रांती' म्हटलं. भाषणाचा कागद त्यांनी हातभर लांब धरला होता, तरी त्यांचे डोळे तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. टाळ्या झाल्या आणि मी कपाटात गेलो.

"महागाची वस्तू. वापरली तर खराब होईल," म्हणत कारकूनकाकांनी कुलूप लावलं. वरून चौकशी आली की सांगायचे, "फोन एकदम सुखरूप आहे."

पुढे नव्या सिस्टर आल्या.

"काका, किल्ली द्या."

"वरून आदेश आलाय?"

"आदेश येईल तेव्हा येईल. मघापासून खणाच्या कुलपात किल्लीचं भोक शोधताय, आधी तुम्हालाच तपासते."

काकांनी किल्ली पुढे केली.

वस्तीत सिस्टर मला लांब धरायच्या. माझ्या पडद्यावर एकेक बाण दिसायचा. समोरच्याने त्याची दिशा सांगायची. पण इथल्या लोकांना शेजारधर्माची भारी हौस. कुणी अडखळलं की मागची रांग ओरडायची, "वर! उजवीकडे! परत उजवीकडे! खाली!"

रांगेच्या शेवटी शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. सुईत दोरा त्यांची शेजारीण गुपचूप ओवून द्यायची. नजर अधू झाल्याचं कळलं तर मुकादम मशीनवरून उठवेल, हीच त्यांना धास्ती. घर त्या मशीनवर चालत होतं.

त्यांची पाळी आली. मला बघून म्हणाल्या, "कसा आरशासारखा लखलखीत आहे गं!" मग बाणांची उत्तरं घडाघडा दिली, "वर, उजवीकडे, परत उजवीकडे, खाली."

"शाब्बास मावशी!" सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात रांगेतला पाणीवाला ओरडला, "अहो सिस्टर, फोन उलटा धरलाय तुम्ही!"

सगळे हसले. मग हिशेब लक्षात आला. फोन उलटा, म्हणजे बाणही उलटे. आणि मावशींची उत्तरं तर सुलट्याची.

"मावशी, तुमचे कान फार चांगले आहेत," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"कुणाला सांगू नकोस गं. मशीन जाईल माझी."

"आणि नजर गेल्यावर मशीनचं काय करणार?"

"जा बाई दवाखान्यात," शेजारीण म्हणाली. "तुझ्या मशीनवर मी बसते तोवर. मुकादम काय बोलतो ते बघतेच."

मी फोटो काढले. दोन्ही बुबुळांमागे दुधाळ पडदा, मोतीबिंदू. रेंज मिळेना, तेव्हा सिस्टर पाण्याच्या टाकीवर चढल्या. डॉक्टरीणबाईंनी लगेच मावशींना बोलावून घेतलं.

एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन दुसऱ्याचीही पट्टी सुटली, तेव्हा मावशी मशीनवर बसण्याआधी माझ्याकडे आल्या. मला हातात घेतलं आणि किंचाळल्या, "अगंबाई, याची काच तर पार फुटलीय!"

फुटका म्हटल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

आता माझी बॅटरी फुगलीय. नवा फोन येतोय म्हणे. उद्घाटनाला तेच साहेब आहेत, आणि काकांनी नवं कुलूपही आणून ठेवलंय. माझं एवढंच मागणं, त्या बिचाऱ्याला कोंडू नका. आणि सिस्टर, साहेबांना जरा तपासायला स्टुलावर बसवा. त्यांच्यामागे तर उत्तरं सांगणाऱ्यांची केवढी मोठी रांग असते. तेव्हा फोन उलटाच धरा.