खोकल्याची वही

मी तीस वर्षं विजेचे मीटर तपासले. लोक मीटरमध्ये काय काय उद्योग करतात हे ज्याने पाहिलंय, त्याचा सख्ख्या भावावरही विश्वास बसत नाही. माझा तर नोकरीच्या आधीपासूनच बसत नव्हता, आणि मला भाऊ नव्हता म्हणून मी बहिणीवर भागवलं.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. अंगाने किडकिडीत, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे. आज ती मोठी गणिती आहे. तिच्या नावाचं एक प्रमेय आहे, जे मला ओ की ठो कळत नाही. गेल्या महिन्यात तिचं चरित्र लिहिणारी एक बाई माझ्याकडे आली. चहा घेतला, भिंतीवरचे फोटो पाहिले आणि अगदी सहज विचारलं, "काका, निवासी शाळेच्या तोंडी परीक्षेत त्यांच्यावर लबाडीचा आळ आला होता ना? ती चुगली कोणी केली होती?"

सहज विचारणारी माणसं मी चांगलीच ओळखतो. "फार जुनी गोष्ट, आठवत नाही," असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. पण हिला हे कुठून कळलं? मुंगीने सांगितलं असेल, तर मुंगीला नेमकं किती ठाऊक आहे? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

चुगली मीच केली होती.

मुंगी आठ वर्षांची असल्यापासून पाच आकडी संख्यांचे गुणाकार तोंडी करायची. शाळेच्या हॉलमध्ये तिला टेबलावर उभं करायचे, मास्तर प्रश्न घालायचे आणि बाबा पहिल्या रांगेत बसून खोकायचे. बाबा लाकूड कापायच्या कारखान्यात करवतीवर कामाला होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातूनही भुसा निघायचा. सगळा हॉल मुंगीकडे आ वासून बघायचा आणि मी बाबांकडे. प्रश्न पडला की बाबा खोकायचे, मग मुंगी उत्तर द्यायची. कुठेतरी पाणी मुरत होतं. बाबांना स्वतःला तेराच्या पुढे पाढे येत नव्हते हे खरं, पण मास्तर आणि ते रोज कोपऱ्यावर एकत्र चहा प्यायचे. मास्तर उत्तरं आधीच फोडतात आणि बाबा ती खोकून पोचवतात, असं मी ठरवून टाकलं. घरातलं अंडं मुंगीच्या ताटात जायचं, खिडकीजवळची जागाही तिचीच होती. त्यामुळे मला ते पटायला फार वेळ लागला नाही.

मी एक वही केली. त्यात तारीख आणि त्या दिवशी बाबा किती वेळा खोकले तो आकडा. चार महिने मोजलं, घरी आणि हॉलमध्येही. आकड्यांतून कुठलंच उत्तर निघेना, तसा माझा संशय आणखी बळावला. मी रोज मोजतोय तरी हाती लागत नाहीत, म्हणजे हे दोघे किती मुरलेले लबाड असतील!

मग निवासी शाळेची ती तोंडी परीक्षा आली. तिथे निवड झाली असती तर मुंगीचं पुढचं सगळं शिक्षण झालं असतं. आमच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. लांबलचक खोली, तीन परीक्षक, भिंतीशी खुर्च्या. सुरू व्हायच्या आधी मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पडलो आणि मुख्य परीक्षकांना गाठलं.

"बाबा खोकून उत्तरं सांगतात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं.

बाबांना बाहेर बसायला सांगितलं. ते काही न विचारता उठले. दार लागलं, पहिला प्रश्न आला आणि मुंगी गप्प. दुसरा प्रश्न, तिसरा. ती दाराकडे बघत होती, तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बाहेर बाबांचा खोकला थांबत नव्हता. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कागद मिटले. माझंच खरं ठरलं होतं.

सात महिन्यांनी बाबा गेले. आणखी तीन वर्षांनी मुंगीने दुसरीकडे लेखी परीक्षा दिली, पहिली आली आणि कोणाच्याही खोकल्याशिवाय पुढे जात राहिली. तेव्हाच मला माझी चूक कळली. पण सांगायला तोंड नव्हतं, आणि वर्षं गेली तसा धीर आणखीच खचत गेला.

परवा मी तिच्याकडे गेलो. कबूल करायला नव्हे. तिला किती ठाऊक आहे ते चाचपायला. जित्याची खोड, दुसरं काय. तिच्या खोलीत भिंतभर फळा आणि जिकडेतिकडे खडूची धूळ. माझा घसा खवखवायला लागला.

"त्या बाईने तुलाही विचारलं असेल ना, चुगली कोणी केली म्हणून?" विषय मुंगीनेच काढला.

"तुला काय वाटतं?" मी सावधपणे विचारलं.

"वाटायचं काय त्यात? मास्तरांनी. त्याच आठवड्यात बाबांशी त्यांचं वाजलं होतं. नंतर त्यांनी किती पत्रं पाठवली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. एवढ्यात तिने खणातून एक जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आत तारखा आणि आकडे. कितीतरी आकडे माझ्या वहीतलेच होते.

"बाबांचा खोकला," ती म्हणाली. "दर दोन महिन्यांनी दुप्पट होत होता. पुढचंही मी काढून ठेवलं होतं, कुठवर जाईल ते. पण सांगणार कोणाला? परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर एकशे चार झाले. प्रश्न मला ऐकूच आले नाहीत रे."

"पण हे आकडे..."

"टेबलावर उभी असले की गुणाकाराच्या नादात माझं मोजायचं राहून जायचं. मग तुझ्या वहीतून उतरवून घ्यायचे. तू गादीखाली ठेवायचास ना." ती हसली. "मला तेवढाच आधार होता, दादा. वाटायचं, मी एकटी नाही. दादालाही बाबांची काळजी आहे."

उभा जन्म मी दुसऱ्यांच्या तोंडून कबुल्या काढल्या. ही मात्र मला स्वतःच्याच तोंडून काढावी लागली.

"मुंगे, मास्तर नव्हते ते. मी होतो. ती वही मी तुम्हाला पकडायला केली होती."

वहीतल्या एका आकड्यावर तिचं बोट होतं. तो माझाच होता.

"मास्तर आहेत अजून?" तिने विचारलं.

"नाही. अकरा वर्षं झाली."

"सतरा पत्रं आली होती त्यांची," ती म्हणाली. मग वही मिटून म्हणाली, "तू जा आता."

मी उठलो. मला लाज वाटत होती, आणि ती वाटायला मी पन्नास वर्षं लावली होती. बाहेर येऊन दार ओढून घेताना मला ठसका लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. दाराच्या फटीतून मला मुंगी दिसली. ती दाराकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.