दोनशे बाराव्या पानावरची फीत

मी एक फीत आहे. जांभळी, साटीनची, बोटभर रुंद आणि हातभर लांब. मला तोंड नाही, दोन टोकं आहेत. एक टोक एका कादंबरीच्या पाठीत चिकटवलेलं आहे आणि दुसरं मोकळं. जे काही सांगायचं ते या मोकळ्या टोकानेच सांगते आहे, म्हणून मधेच एखादा धागा सुटला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या रिळावर झाला. तिथून आम्ही शिवणाच्या कारखान्यात आलो. लहान मुलींचे झगे शिवायचं काम तिथे चाले. माझ्या बहिणी कुणाच्या कमरेला लागल्या, कुणाच्या गळ्याशी फूल होऊन बसल्या आणि खोक्यांत भरून जग बघायला गेल्या. मी रिळाच्या तळाशी उरले. झग्याला पुरत नव्हते आणि टाकून द्यायला कुणाच्या जिवावर येत होतं, एवढीच.

त्या कारखान्यात कापड बेतणारे एक मास्तर होते. खडूने एकदा रेघ मारली की ती पुसायची वेळ येत नसे. त्यांची बायको तिसऱ्या मशिनवर बसायची. सगळे तिला वहिनी म्हणत. वहिनींना वाचायचं वेड होतं आणि वाचता वाचता पानाचा कोपरा दुमडायची खोड होती. मास्तरांना ते बघवत नसे.

"कापडाला घडी पडली तर इस्त्री आहे. कागदाला काय करशील?"

"मग खूण कशाने ठेवू? तुमच्या मिशीने?"

सगळा कारखाना हसला. वहिनींनी त्याच दिवशी मला रिळावरून उतरवलं आणि नव्या आणलेल्या कादंबरीच्या पाठीत डिंकाने चिकटवलं. उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचं एक कव्हरही शिवून चढवलं. अशी मी झग्याची व्हायची राहिले आणि पुस्तकाची झाले.

ती कादंबरी एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. तिचा नवरा जहाजावर गेलेला आणि ती चौदा वर्षं खिडकीशी बसून त्याची वाट बघते. वहिनी तेव्हा आजारी पडल्या होत्या. दुपारी उशीला टेकून त्या वाचत आणि मास्तर घरी आले की तिथवरची गोष्ट त्यांना सांगत. दोनशे बाराव्या पानावर ती बाई घराला कुलूप लावते आणि नवऱ्याला शोधायला बंदराकडे निघते. वहिनींनी तिथे मला ठेवलं, सुई मागितली आणि कव्हरवर लाल दोऱ्याचा एक टाका घातला.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"आवडल्याची खूण."

"अर्धीच तर झालीय. शेवट बिघडला तर?"

"मग उसवेन," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर पुस्तक उघडलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात वहिनी गेल्या.

महिन्याभराने मास्तरांनी मला कारखान्यात आणलं. दोऱ्यांच्या कपाटात वरच्या फळीवर पाचपंचवीस पुस्तकं होती, त्यांत ठेवलं. "तिचं आवडतं होतं. वाचा," एवढंच म्हणाले आणि कात्री उचलून कामाला लागले.

मग त्या कारखान्यात एक रीतच पडली. जो कादंबरी वाचून परत देई, तो वहिनींच्या टाक्याशेजारी आपला एक टाका घाली. पिवळा, हिरवा, निळा, ज्याच्या हाताशी जो दोरा असेल तो. सहा वर्षांत तीस टाके झाले. प्रत्येक जण टाका घालताना म्हणे, "काय लिहिलंय हो! रडू आलं."

आता मला माहीत असलेली गोष्ट सांगते. चहाडी म्हणून नव्हे. फितीला ठाऊक असतं की माणूस कुठे थांबला. इस्त्रीवाले दादा सत्तेचाळीसाव्या पानावर थांबले. ओव्हरलॉक मशिनवर बसणारी, जिची जीभ तिच्या मशिनसारखीच कडा कापत चालायची, ती एकशे तीसपर्यंत गेली. कुणी साठ, कुणी नव्वद. पुस्तक परत द्यायच्या आदल्या दिवशी मात्र सगळे मला अलगद उचलून शेवटच्या पानात सारत. मी तिथे जाऊन पडे, लाजल्यासारखी. तरी त्यांना खोटारडे म्हणायला मन होत नाही. टाका कादंबरीसाठी नव्हताच. तो वहिनींसाठी होता.

मास्तर वर्षातून एकदा, वहिनी गेल्या त्या दिवशी, पुस्तक घरी नेत. पहिल्या पानापासून वाचत. मला हातही लावत नसत, त्यांना खुणेची गरज नसे. कव्हरवर त्यांचा टाका मात्र नव्हता. कुणी विचारलं तर म्हणत, "मी कात्रीवाला माणूस. सुईचं मला जमत नाही." सगळ्यांना ते खरं वाटे.

सहाव्या वर्षी मास्तरांचा हात कापू लागला. रेघ वाकडी जाऊ लागली. त्यांनीच शेवटचा दिवस म्हणून तीन महिन्यांनंतरचा एक शनिवार ठरवला. ओव्हरलॉकवालीच्या मनात आलं की निरोप देताना हे पुस्तकच त्यांना परत द्यावं, सगळ्यांच्या टाक्यांसकट. तिने कव्हर उजेडात धरलं, बोटाने एकेक टाका मोजला आणि मान वर केली.

"एक राहिलाय. मावशी, तुझा."

मावशी म्हणजे बटणांची काजं करणारी. तीस वर्षं ती हाताने काजं करत होती. चौथीत शाळा सुटलेली, वाचायची ते अक्षरावर बोट ठेवून. म्हणून आजवर या जाड्या पुस्तकाच्या वाटेला गेली नव्हती. तिने पुस्तक पदराने पुसलं आणि पिशवीत घातलं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यातल्या खिडकीशी बसून ती वाचायची. किती हौसेने! तीस माणसं रडली ते पुस्तक, वहिनींचं पुस्तक. वाचण्याआधी तिने रुमालसुद्धा काढून मांडीवर ठेवला होता. तो घडी न मोडता तसाच पिशवीत परत जायचा. सत्तेचाळीस मागे पडलं, एकशे तीस मागे पडलं. दोनशे बाराला ती पहिल्यांदा ताठ बसली आणि पुढची काही पानं झपाझप वाचली. मग तिचं बोट पुन्हा मंद झालं. सहाव्या आठवड्यात शेवटचं पान आलं. तिने पुस्तक मिटलं.

मी तिच्या बोटाला गुंडाळले गेले होते. ती स्वतःशीच पुटपुटली, "माझंच काही चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. खरं सांगते, इतक्या वर्षांत मला शेवटपर्यंत वाचत नेणारी ती पहिली, आणि दोनदा नेणारी एकटीच.

शेवटच्या आठवड्यात चहाच्या वेळी ओव्हरलॉकवालीने तिला गाठलं.

"काय मावशी, झाला का टाका?"

"मला नाही गं आवडली."

"हळू बोल! मास्तर ऐकतील." तिने खुर्ची जवळ ओढली. "नाही आवडली म्हणजे?"

"ती बाई चार पानांत एक झगा शिवते. एका दिवसात. बाह्या कधी लावल्या, काजं कधी केली? साडेतीनशे पानांत तिच्या बोटाला एकदा सुई टोचत नाही. नुसती खिडकीशी बसते नि उसासे टाकते. माझा नवरा गेला तेव्हा मला उसासा टाकायला वेळ कुठे होता? दोन पोरं नि हे काम."

"अगं, गोष्ट आहे ती."

"तेच म्हणते. तुम्ही सगळी रडलात. मला एक थेंब आला नाही. दोनदा वाचली." मावशीचा आवाज खाली गेला. "माझंच आतलं काही आटलंय का गं? का मला वाचताच येत नाही?"

एकशे तीस पानांचं ओझं ओव्हरलॉकवालीच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. मग ती म्हणाली, "टाका घाल नि मोकळी हो. टाक्याला कोण विचारतंय? म्हातारा माणूस आहे, सुखाने जाऊ दे."

"तीस वर्षं काजं केली. एक टाका खोटा घातला नाही," मावशी म्हणाली. "पण त्यांचं मन मोडायचं पण नाही मला."

शुक्रवारी संध्याकाळी तिने सुईत दोरा ओवला. कव्हरवर टोक टेकवलं. हात तसाच राहिला. मग तिने दोरा काढून घेतला.

शनिवारी मशिनी लवकर थांबल्या. बेतायच्या लांब टेबलाभोवती सगळे जमले. इस्त्रीवाल्या दादांनी चार शब्द बोलून पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी कव्हरवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकेका टाक्यावर थांबत.

"सगळ्यांचे आहेत," ओव्हरलॉकवाली घाईने म्हणाली.

"एक कमी आहे," मास्तर म्हणाले. कापड बेतणाऱ्याचा अंगठा तो, त्याला फसवता येत नाही.

मावशी पुढे आली. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"माझा नाही मास्तर. मला ती कादंबरी नाही आवडली. वहिनींची माफी मागते, तुमची पण."

इस्त्रीवाले दादा थंड पडलेल्या इस्त्रीकडे बघत राहिले. मास्तरांनी चष्मा काढला.

"कुठवर वाचलीत?"

"शेवटपर्यंत. दोनदा."

"शेवटपर्यंत," मास्तर म्हणाले. मग त्यांनी टेबलाचा आधार घेतला आणि अगदी हळू विचारलं, "मग ती बंदरावर पोचते का? तो भेटतो तिला?"

आता सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तीस टाक्यांतल्या एकालाही उत्तर ठाऊक नव्हतं. आणि मास्तरांना ते का ठाऊक नाही, हे मला कळत होतं. सहा वर्षं ते दरवेळी दोनशे बारापर्यंत येऊन पुस्तक मिटत होते. जिथे वहिनी थांबल्या त्याच्यापुढे एकट्याने जायला त्यांचं पाऊल उचलत नव्हतं.

मावशीलाही ते कळलं असावं. तिने मूठ सोडली. "पोचते," ती म्हणाली. "पण तो भेटत नाही. कुणी नीट सांगतही नाही. तीन दिवस धक्क्यावर बसते आणि परत येते. कुलूप उघडते नि पुन्हा त्याच खिडकीशी बसते. संपलं."

"परत त्याच खिडकीशी?"

"त्याच! मला इतका राग आला मास्तर. एवढी चालून गेली, जग बघून आली, नि परत तिथेच? अहो, निदान खुर्ची तरी दुसरीकडे ठेवायची!"

मास्तरांच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज आला. आम्हाला वाटलं रडतात. ते हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते.

"तिने पुस्तक भिंतीवर फेकलं असतं," ते म्हणाले. "आणि मला झोपेतून उठवून भांडली असती, जसं काही मीच लिहिलंय." सहा वर्षांत वहिनींबद्दल ते पहिल्यांदाच असं बोलत होते, आत्ता शेजारच्या खोलीत असल्यासारखं. "मला म्हणाली होती, शेवट बिघडला तर टाका उसवेन."

त्यांनी खिशातली छोटी कात्री काढली. टोक लाल टाक्याखाली घातलं.

मग त्यांनी कात्री मिटली. "राहू दे. अर्धी तर आवडली होती ना तिला."

"मी माझा घालू का मग?" मावशीने विचारलं.

"नाही. तुमची जागा मोकळीच असू दे. एवढ्या सगळ्यांत मला तीच नीट दिसते."

निघताना मावशीने माझं मोकळं टोक हातात घेतलं. त्याचे धागे सुटत चालले होते. "हे कादंबरीसाठी नाही हां," ती म्हणाली आणि सुई घेऊन, काजाच्या कडेला घालतात तसे बारीक, घट्ट टाके तिथे घातले. तेवढ्यात तिच्या डोळ्यांतून एक थेंब माझ्यावर पडला. साटीनवर डाग राहतो. तो अजून आहे.

आता मी मास्तरांच्या घरी असते. ते रोज दुपारी दोन पानं वाचतात. दोनशे बाराच्या पुढे पाऊल पडलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा हातात धरलं, कारण आता त्यांना खुणेची गरज आहे. मधूनच ते रिकाम्या पलंगाकडे बघून म्हणतात, "ऐकलंस? आता ही धक्क्यावर नुसती बसलीय. मावशीचं खरं आहे." आज मी दोनशे एकोणसत्तरवर आहे. शेवट काय आहे ते त्यांना ठाऊक आहे, तरी त्यांना घाई नाही.

माझं एवढंच मागणं आहे. एखादं पुस्तक सगळ्या जगाला आवडलं आणि तुम्हाला नाही, तर मान खाली घालू नका. आणि जिथे थांबलात, तिथेच मला राहू द्या. सत्तेचाळीसाव्या पानावर पडून राहायला मला कधीच लाज वाटली नव्हती.