रिकाम्या चुलीचा धूर

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीतला विस्तव फुलवायची लोखंडी नळी. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. बरंच झालं.

मूळची मी विहिरीवरच्या पाइपचा तुकडा. विहीर आटली, पाइप भंगारात गेला आणि एका घिसाड्यानं ठोकून माझं टोक निमुळतं केलं. युसूफ वडगावच्या बाजारात सत्यभामेनं मला उचललं, तिथंच फुंकून पाहिलं आणि म्हणाली, "वारं चांगलं जातंय हिच्यातून." तोवर माझ्यातून पाणी जायचं. त्या दिवसापासून तिचा श्वास जाऊ लागला.

काय श्वास होता तो! एका फुंकेत राखेतला निखारा लालबुंद व्हायचा. दारात म्हशी होत्या, दूध सोसायटीला जायचं, वाळल्या गोवऱ्यांची रास असायची. तिची लेक मनकर्णा माझ्यातून "भोऽऽ" करून मांजराला घाबरवायची.

मग दुष्काळ आला. म्हशी सोसायटीच्या चारा छावणीत गेल्या, त्यांच्या देखभालीला नवरा धोंडीरामही गेला. एका संध्याकाळी घरात पीठच नव्हतं, म्हणून चूल पेटली नाही. शेजारची विमलबाई पदराखाली अर्धी भाकरी झाकून आली.

"सत्यभामा, तुज्या घरावर आज धूर दिसला न्हाई, म्हून आले."

"आमी लवकर जेवलोत, विमलबाई." सत्यभामा हसली. भाकरी परत गेली. मनकर्णा दारापर्यंत त्या भाकरीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून पीठ असो नसो, दोन्ही वेळा चूल पेटू लागली. पातेल्यात नुसतं पाणी. धूर आळीभर दिसावा म्हणून कापसाच्या पऱ्हाट्यांवर हिरवी वेडी बाभूळ.

"आई, काय शिजतंय?" मनकर्णा खोकत विचारायची.

"धूर. वाढू का तुला?"

दोघी हसायच्या. हसता हसता खोकायच्या.

पुढं दिवस पालटले, म्हशी परत आल्या. सत्यभामेचा खोकला मात्र गेला नाही. तिच्या श्वासात शीळ वाजू लागली. निखारा नुसता डोळे किलकिले करायचा. लोक म्हणायचे, "बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, हिला कावून असं व्हायलंय?"

शेवटी अंबाजोगाईला नेलं. परत आल्यावर धोंडीराम चुलीपुढं बसून विमलबाईला सांगू लागला, "डाक्टर म्हणले, डोळ्यात झोंबतो तो धूर परवडला. पर त्यात लई बारीक कण बी असत्यात, दिसत बी न्हाईत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसत्यात."

विमलबाई सत्यभामेजवळ सरकली. मग म्हणाली, "सत्यभामा, ती अर्धी भाकरी माज्या सकाळच्या वाट्याची, राखून ठिवलेली व्हती. तू परत केलीस, रोज तुज्या घरावर धूर. मला वाटलं, साऱ्या आळीत मीच उपाशी. मग मी बी रिकामी चूल पेटवाया लागले."

भिंतीला टेकलेली सत्यभामा दम लागेपर्यंत हसली. "म्हंजी आपण एकमेकीला धूरच वाढत व्हतो की गं!"

नंतर तिला आडवंही होता येईना. एका सकाळी मनकर्णा चुलीपुढं बसली आणि तिनं मला तोंडाला लावलं. सत्यभामा भिंत धरत धरत आली, मला लेकीच्या हातातून काढून घेतलं आणि एकदा फुंकलं. राखसुद्धा हलली नाही. मग तिनं मला भिंत आणि छपराच्या पत्र्यामधल्या फटीत पार आत ढकललं. चार दिवसांनी ती गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, जपा. मी तसं म्हणणार नाही. मला इथंच गंजू द्या. आणि शेजारच्या घरावर धूर दिसला, तरी जाऊन विचारा, जेवलीस का म्हणून.

आता घरात गॅस आहे. टाकी संपली की कुणीतरी विचारतं, "फुंकणी कुठं हाय गं?"

मनकर्णा वर बघतसुद्धा नाही. "हारवली," म्हणते.

खोकत खोकत म्हणते.